क्रिस्पर आलं, मग आरएनएआय शिकू का?

‘सर, मी नाशिकला टीवायबीएस्सी मायक्रोबायोलॉजी करते. पिंपळगाव बसवंतजवळ आमची द्राक्षबाग आहे. आरएनए इंटरफिअरन्स (आरएनएआय, म्हणजे जनुक न मोडता त्याचं काम दाबणं) वापरून भुरीच्या बुरशीतल्या जनुकांवर काम करायची इच्छा आहे. सीनिअर म्हणतात, जनुक कापून बदलणाऱ्या क्रिस्पर तंत्रापुढे हे जुनं झालं. बाबा म्हणतात, वायनरीत क्वालिटी कंट्रोलला लाग. काय करू?’

सीनिअरचं म्हणणं अर्धंच खरं. जनुक कायमचं मोडायचं तर क्रिस्परच बरं. पण जे मोडलं की बुरशीच मरते, त्या जनुकाचं काम कळणार कसं? तिथं आरएनएआय उपयोगी पडतं. दुपदरी आरएनएचे डायसर हे विकर बारीक तुकडे करतं, त्या तुकड्यांच्या आधारानं आर्गोनॉट हे प्रथिन जुळणारा एमआरएनए, म्हणजे जनुकाचा निरोप नेणारा आरएनए, कापतं. जनुक जागेवरच राहतं, त्याचं काम फक्त मंदावतं. किती मंदावलं ते क्यूपीसीआरवर, म्हणजे आरएनएचं प्रमाण मोजणाऱ्या चाचणीवर, मोजायचं, आणि प्रत्येक ट्रान्सफॉर्मंटमध्ये (बाहेरचा डीएनए घातलेल्या वाणात) आकडा वेगळा येतो. चिकाटी नसेल तर या वाटेला जाऊ नकोस.

बुरशीत हा प्रकार फायर आणि मेलो यांच्या आरएनएआयवरच्या 1998 च्या गाजलेल्या शोधनिबंधाआधीच दिसला होता. 1992 मध्ये रोमानो आणि मासिनो यांनी न्यूरोस्पोरा या नारिंगी बुरशीत रंगद्रव्याच्या जनुकाच्या जादा प्रती घातल्या. रंग गडद होणं दूरच, काही वसाहती चक्क पांढऱ्या पडल्या! मात्र सगळ्याच बुरशींत ही यंत्रणा नसते. बेकरीच्या यीस्टनं ती गमावली आहे. म्हणून बुरशी निवडताना तिच्या जीनोममध्ये डायसर आणि आर्गोनॉट आहेत का, हे आधी बघायचं.

आता तुझी भुरी. ती जिवंत पेशींवरच जगते, अगारच्या प्लेटवर येत नाही. एमएस्सीच्या प्रोजेक्टला ती घेतलीस तर वर्ष पानं सांभाळण्यातच जाईल. त्यापेक्षा बोट्रायटिस ही बुरशी घे. ती द्राक्षाचे घड कुजवते, पण प्लेटवर छान वाढते. तिच्याच डायसर जनुकांवर नेम धरलेला दुपदरी आरएनए फळं-भाज्यांवर फवारला तर रोग कमी होतो, हे 2016 मध्ये दाखवलं गेलं आहे. आणि हो, द्राक्षावरच्या डाऊनी (केवडा) रोगाच्या जंतूला मुलाखतीत बुरशी म्हणू नकोस. तो ऊमायसीट आहे, खऱ्या बुरशींत मोडत नाही.

बाबांची काळजी रास्त आहे. नुसत्या आरएनएआयच्या जोरावर नाशिकमध्ये नोकरी मिळणार नाही. पण बुरशी वेगळी करणं, बीजाणू मोजणं, आरएनए काढणं, क्यूपीसीआर लावणं ही कामं हाताला बसली, तर जैविक कीडनाशकांच्या कंपन्यांतही तुला विचारतील. वायनरी पळून जात नाही, एमएस्सीनंतरही तिथं जाता येईल.

एमएस्सीसाठी जॅम आणि गॅट-बी या दोन्ही प्रवेश परीक्षा दे. पुढे सीएसआयआर-नेट परीक्षेतून जेआरएफ ही संशोधनाची शिष्यवृत्ती मिळाली तर पहिली दोन वर्षं महिना 37,000 रुपये मिळतात. हा आकडा बाबांना जरूर सांग. सुट्टीतल्या प्रोजेक्टसाठी पुण्यात आघारकर संशोधन संस्था आणि मांजरीचं राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र इथं आत्ताच ईमेल टाक. बायोडाटा एका पानाचाच ठेव आणि कोणत्या बुरशीवर, कशासाठी काम करायचंय ते पहिल्या दोन ओळींत लिही.