वाचक विचारतात : ‘देवमाणूस’ म्हणून किती सोसायचं?

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी तीन पत्रं एकाच वचनाला धरून आहेत. बायबलमधलं पौलाचं फिलिप्पैकरांस पत्र, अध्याय २, ओवी १४ : ‘जे काही तुम्ही कराल ते कुरकुर व वादविवाद न करता करा.’ आपल्या भागातल्या पाळकांनी ठरवून एकाच सुमारास यावर संदेश दिला की काय, कोण जाणे. पहिल्या पत्राला जास्त जागा दिली आहे. बाकीच्यांनी त्याबद्दल माझ्यावर कुरकुर करू नये.

प्रश्न : सिस्टरबाई, सलाम. मी शहादा तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक आहे. आम्ही चौघे शिक्षक, ख्रिस्ती मी एकटाच. पोषण आहाराचा हिशेब माझ्याकडे, ऑनलाइन माहिती भरणं माझ्याकडे, बीएलओचं म्हणजे मतदार यादीचं काम माझ्याकडे, कार्यक्रम असला की मंडपवाल्याला फोनही मीच करायचा. हेडसर सगळ्यांसमोर म्हणतात, “सर तर देवमाणूस, ते नाही म्हणणारच नाहीत.” बाकीचे हसतात. या लोकांसमोर ख्रिस्ती म्हणून माझी साक्ष टिकावी म्हणून मी गप्प राहतो. पण बायको म्हणते, “शाळेत देवमाणूस आणि घरात जमदग्नी.” मी तोंड उघडलं तर वचन मोडतं का?
– एक शिक्षक, शहादा तालुका

उत्तर : सर, सलाम. तुमच्या पत्रातलं सगळ्यात कामाचं वाक्य तुमच्या बायकोचं आहे.

तुम्हाला वाटतं आपण कुरकुर करत नाही. करता हो. फक्त ती शाळेत न करता मोटारसायकलवर बसवून घरी आणता. ‘बठं काम माले एकलालेच करनं पडस’ हे वाक्य हेडसरांनी तुमच्या तोंडून कधी ऐकलेलं नाही, आणि तुमच्या बायकोने मात्र ताटावर बसल्या बसल्या रोज ऐकलेलं असणार. बायबलमधल्या ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या पहिल्या अध्यायात मोशे इस्राएल लोकांना नेमकी हीच आठवण करून देतो, की तुम्ही आपापल्या डेऱ्यांत कुरकुर केली. मोशेसमोर उभं राहून नव्हे, डेऱ्यांत. पौलाच्या मनात ते रानातले लोक होतेच, कारण पुढच्याच ओवीत तो ‘कुटिल व विपरीत पिढी’ म्हणतो ते शब्द मोशेच्या गीतातले आहेत. तेव्हा वचन मोडायचंच असेल तर ते तुमच्या स्वयंपाकघरात केव्हाच मोडून झालं आहे. शाळेत तोंड उघडण्याची भीती आता कशाला?

आणि हे वचन ज्याने लिहिलं तो स्वतः फिलिप्पैत कसा वागला ते पाहा. प्रेषितांची कृत्ये, अध्याय १६. पौल आणि सीला यांना चौकशी न करता चारचौघांत छड्या मारल्या, पाय खोड्यात अडकवून आतल्या कोठडीत टाकलं. मध्यरात्री दोघे प्रार्थना करत होते, गीतं गात होते. इथपर्यंतची गोष्ट आपल्या शब्बाथ शाळेतल्या पोरांनाही पाठ असते. संदेशात पुढचं मात्र फारसं येत नाही. सकाळी अधिकाऱ्यांनी शिपाई पाठवले आणि निरोप दिला, सोडा त्यांना, जाऊ द्या. तुमच्यासारखा माणूस असता तर ‘प्रभूची स्तुती असो’ म्हणून गुपचूप गावाबाहेर पडला असता. पौल अडून बसला. म्हणाला, आम्ही रोमी नागरिक, अपराधी ठरवल्यावाचून आम्हाला उघडपणे मारलं, आणि आता गुपचूप घालवता? ते काही चालणार नाही. त्यांनी स्वतः यावं आणि आम्हाला बाहेर न्यावं. अधिकारी घाबरले, आले, विनवण्या केल्या.

आता हाच पौल पुढे कैदेतून त्याच फिलिप्पैच्या मंडळीला पत्र लिहितो, तेव्हा पहिल्या अध्यायात सांगतो की काही जण हेव्याने, माझ्या बेड्यांत मला आणखी त्रास व्हावा म्हणून ख्रिस्ताची घोषणा करताहेत. आणि त्यावर काय म्हणतो? त्याचं काय एवढं! ख्रिस्त सांगितला जातोय, मला आनंद आहे. एवढा मोठा टोमणा त्याने गिळला.

मग छड्या का नाही गिळल्या? मला जे वाटतं ते सांगते. तो जाणार होता, पण त्याच गावात लुदियेचं घर होतं, तुरुंगाच्या अधिकाऱ्याचं घर होतं, कालपरवा बाप्तिस्मा घेतलेली माणसं होती. पौल चोरासारखा निघून गेला असता तर त्याचा डाग या लोकांवर राहिला असता. जे एकट्या त्याच्या अंगावर येत होतं ते त्याने सोडून दिलं. जे दुसऱ्यांच्या डोक्यावर बसणार होतं तिथे तो बोलला, आणि ज्यांना सांगायचं त्यांनाच बोलला.

तुमचं ओझं तुमच्या एकट्याच्या डोक्यावर नाही, सर. तुम्ही माहिती भरत बसता तेव्हा तुमचा वर्ग काय करतो? पोरं फळ्यावरचं उतरवून घेत बसत असतील, नाहीतर मैदानात. दुसरं ओझं बायकोवर. म्हणून बोला.

कसं बोलायचं यावर माझं मत जरा पक्कं आहे, कारण सरकारी वॉर्डात माझी नोकरी गेली. आपल्या भुसावळ-जळगावचा मे तुम्हाला माहीत आहे. एका रुग्णालयात मी होते, उष्माघाताचे पेशंट रात्रीपर्यंत येत राहायचे, ओल्या चादरी, बर्फ, सलाईन, आणि ड्यूटी लिस्टमध्ये नाईट माझ्याच नावावर. आमच्या इनचार्ज सिस्टरही म्हणायच्या, “तुम्ही प्रार्थनावाल्या, तुम्हाला जागायची सवय.” चहाच्या टेबलावर मी काही बोलले नाही, कारण तिथे बोललेलं इनचार्जच्या कानावर जाईपर्यंत त्याचा पार तमाशा झालेला असतो. मागच्या काही महिन्यांच्या लिस्ट एका कागदावर उतरवल्या आणि त्या एकट्या असताना गेले. “सिस्टर, दोन मिनिटं. हे बघा. नाईट मी करीन, पण पाळीपाळीने.” चेहरा पडला त्यांचा. पुढच्या महिन्याची लिस्ट नीट लागली, त्यापुढच्या महिन्याची पुन्हा तशीच. मी पुन्हा कागद घेऊन गेले. आमच्या वॉर्डातल्या मावशी म्हणायच्या, “सिस्टर, तुम्ही भांडत बी नाही अन् सोडत बी नाही.” साक्ष वगैरे मोठा शब्द त्यांना ठाऊक नव्हता, पण बघत सगळं होत्या.

तर तुम्ही असं करा. चौघांत कुठलं काम कोणाकडे आहे ते एका पानावर लिहा. स्वतःची बाजू मोठी करून लिहू नका, खरं तेवढंच लिहा. शाळा सुटल्यावर हेडसरांना एकटं गाठा. ‘माझ्यावर अन्याय होतोय’ असं सुरू करू नका. ‘माझा वर्ग मागे पडतोय’ इथून सुरू करा, ते खरंही आहे आणि त्याला उत्तर देणं त्यांना अवघड जाईल. पोषण आहार आणि ऑनलाइन यांपैकी एक दुसऱ्याकडे द्या म्हणा, आणि ठरलं की शिक्षकांच्या बैठकीत इतिवृत्तात लिहून घ्या. बीएलओचं वेगळं आहे. ती नेमणूक तहसील कार्यालयातून येते, तिच्यावरून हेडसरांशी वाद घालून काही होणार नाही. अर्ज तिकडे द्या. आणि ‘देवमाणूस’ म्हणाले की हसून म्हणा, “देवमाणसालाही स्वतःचा वर्ग आहे, सर.”

हेडसरांनी ऐकलं नाही तर? तर पुन्हा जा. तोपर्यंत हाताशी असलेलं काम चांगलं करा. मुद्दाम चुकीची माहिती भरायची, रजिस्टर अडकवून ठेवायचं, हेही वादविवादच आहेत, फक्त तोंड बंद ठेवून केलेले. आणि घरी गेल्यावर पहिला अर्धा तास शाळेचं नाव काढायचं नाही. बायकोला हे पान वाचायला द्या.

प्रश्न : आमच्या महिला संघाने नाताळच्या जेवणासाठी घरोघरी पैसे आणि तांदूळ गोळा केले. नंतर एका बहिणीने सभेत हिशेब विचारला. खजिनदार बहीण रडत उठून गेली. आता दोघी एका बाकावर बसत नाहीत, गीतालाही एकत्र उभ्या राहत नाहीत. पाळकबाई म्हणाल्या, वचनात वादविवाद करू नका असं आहे, हिशेबाचा विषय परत काढू नका. मी गप्प बसले. बरोबर केलं ना?
– महिला संघाची सभासद, नवापूर तालुका

उत्तर : नाही बाई, बरोबर नाही केलं. पाळकबाईंना माझा सलाम सांगा आणि हा अंक दाखवा.

यरुशलेमातल्या गरिबांसाठी पौल मंडळ्यांकडून वर्गणी नेत होता. पौलच तो, त्याच्यावर कोण संशय घेणार? तरी त्याने पैसे एकट्याने नेले नाहीत. तीताबरोबर आणखी भाऊ दिले, त्यातला एक तर मंडळ्यांनी निवडलेला होता. कारणही लिहून ठेवलं : या मोठ्या रकमेबद्दल आम्हाला कोणी दोष लावू नये, आणि प्रभूच्याच नव्हे तर माणसांच्या दृष्टीनेही जे चांगलं त्याची आम्ही काळजी घेतो. करिंथकरांस दुसरं पत्र, अध्याय ८. वाचून घ्या, सभेतही वाचा.

कृत्यांच्या सहाव्या अध्यायातही बघा. रोजच्या वाटणीत आपल्या विधवांकडे दुर्लक्ष होतं म्हणून हेल्लेणी, म्हणजे ग्रीक बोलणारे, यहूदी कुरकुरू लागले. प्रेषितांनी त्यांना वचन सांगून बसवलं नाही. सगळ्यांना बोलावलं आणि वाटणीसाठी सात माणसं निवडून घेतली. हिशेब विचारणारी बहीण त्या विधवांच्याच रांगेतली आहे. तिची वेळ चुकली असेल, आवाज चढला असेल. ते वेगळं. प्रश्न चुकीचा नव्हता.

रडून गेलेल्या बहिणीबद्दलही मला वाईट वाटतं. महिला संघाची खजिनदारी बहुतेक ठिकाणी जिला नाही म्हणता येत नाही तिच्या गळ्यात पडते. तांदूळ किती आले, किती शिजले, मटणवाल्याला उधारी किती राहिली, हे सगळं तिच्या डोक्यात असतं, वहीत नसतं. पैसे खाल्ले असतील असं मी तरी धरून चालणार नाही. तुम्हीही चालू नका.

फिलिप्पैच्याच मंडळीत युवदीया आणि सुंतुखे अशा दोघींचं बिनसलं होतं. पौलाने चौथ्या अध्यायात दोघींना नावं घेऊन विनंती केली, कोण चूक ते लिहिलं नाही, आणि तिसऱ्या माणसाला सांगितलं, यांना साहाय्य कर. तुमच्या मंडळीत तो तिसरा माणूस तुम्ही आहात. दुपारी तिच्या घरी जा. चहा घ्या, पिशवीतल्या चिठ्ठ्या काढा, दोघी मिळून वहीत उतरवा. जमलं नाही तर कुणाच्या बारावीतल्या पोरीला बसवा. उधारी निघाली तर तीही लिहा. मग सभेत हिशेब खजिनदार बहिणीनेच वाचावा, तुम्ही नव्हे. पुढच्या नाताळला पैसे घेताना दोघी असाव्यात, आणि दुसरी ती प्रश्न विचारणारी असली तर फारच छान.

प्रश्न : पारोळा तालुक्यात आमची दीड एकर जमीन. शेजारी दर वर्षी नांगरताना बांध कोरतो. तो ख्रिस्ती नाही. आई म्हणते, इसहाकाने भांडण नको म्हणून विहिरी सोडून दिल्या, तू एक तास, नांगराच्या एका ओळीएवढी, जमीन सोड. मी काय करू?
– एक तरुण शेतकरी

उत्तर : आईला शास्त्र चांगलं ठाऊक आहे. गरारच्या गुराख्यांनी भांडण काढलं तेव्हा इसहाकाने एसेक नावाची विहीर सोडली, सितनाही सोडली, आणि पुढे जाऊन रहोबोथ खणली. पण त्याला पुढे जायला रान होतं. तुला दीड एकर आहे.

सोडायचं असेल तर कायमचं सोड. पारावर बसल्यावर, भावकीत, कपाशी वेचताना, कुठेही त्याचं नाव निघता कामा नये. तेवढं जमणार असेल तर आईचं ऐक. जमणार नसेल तर सरकारी मोजणी माग. तालुक्याच्या भूमि अभिलेख कार्यालयात अर्ज द्यायचा, फी भरायची, शेत रिकामं असेल असा काळ बघायचा. मोजणी मागणं म्हणजे भांडण नव्हे. दोघांच्याही बोलण्यावर न जाता मोजणीचं यंत्र आणि नकाशा काय म्हणतो ते बघणं आहे, आणि कदाचित तुझ्याही बाजूने थोडं सरकलेलं निघेल. तसं निघालं तर त्याच दिवशी मागे घे.

एक मात्र कर. अर्ज देण्याआधी शेजाऱ्याच्या घरी जा आणि सांग, “भाऊ, मी मोजणी मागतोय, तुम्हीही हजर राहा.” कार्यालयाची नोटीस त्याच्या हातात पडायच्या आधी ही गोष्ट त्याला तुझ्या तोंडून कळली पाहिजे. एकटा जा, चुलतभावांना घेऊन जाऊ नकोस.