पाटीवर ‘निगराणी’ की ‘पाळत’?

यावल तालुक्यातल्या एका वाचकाने विचारलंय: ‘गावच्या चौकात कॅमेरे लागले आणि खाली पाटी आली, “आपण सीसीटीव्हीच्या निगराणीखाली आहात.” निगराणी हा बऱ्हाणपूरकडून आलेला हिंदी शब्द ना? “पाळत” लिहायला नको का? आणि प्रायव्हसीला गोपनीयता म्हणायचं की खासगीपणा?’

निगराणी हिंदीच्या मालकीचा नाही. तो फारसी, आणि मराठीतही जुनाच. त्याच कुळातला ‘निगा’ तर आपण रोज वापरतो. फारसीत ‘निगाह’ म्हणजे नजर. मराठीत येईपर्यंत त्या नजरेची काळजी झाली. केळीच्या बागेची निगा राखतात, घरातल्या म्हातारीची राखतात.

‘पाळत’ पाळण्यातूनच आली. गुरं पाळतो, दिलेला शब्द पाळतो, बाळाचा पाळणाही तिथलाच. पण ‘पाळत’ म्हटलं की समोरच्याला पत्ता लागू न देणं आलंच. पाळतीवरचा माणूस दबा धरून असतो. म्हणून पाटी लावून पाळत ठेवताच येत नाही! चौकात निगराणी किंवा देखरेख ठीक. फोन चोरून ऐकला जात असेल, तर ती पाळत.

हा फरक नुसता कोशातला नाही. खरक सिंग खटल्यात (1962) सर्वोच्च न्यायालयाने पोलिसांनी रात्री-अपरात्री घरात शिरणं घटनाबाह्य ठरवलं, पण घरावर गुपचूप लक्ष ठेवायला मात्र हरकत घेतली नाही. थोडक्यात, दार ठोठावणं गेलं, पाळत राहिली. खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, हे नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने 24 ऑगस्ट 2017 रोजी पुट्टस्वामी खटल्यात सांगितलं.

या हक्काला मी तरी ‘गोपनीयता’ म्हणणार नाही. मंत्री ‘पद आणि गोपनीयतेची’ शपथ घेतात. तिथे झाकायची असते सरकारची माहिती. गंमत व्युत्पत्तीत आहे. ‘गुप्’ हा धातू ‘गोपा’वरून, म्हणजे गाई राखणाऱ्यावरून, घडला असं मानतात. त्या ‘गोपा’तला ‘पा’ म्हणजे रक्षण करणं, आणि ‘पाळणे’ही त्याच ‘पा’पाशी जाऊन पोचतं. म्हणजे पाळत आणि गोपनीयता एकाच गुराख्याची लेकरं.

‘खासगी’ची ऐट वेगळी. मराठेशाहीत खासगी म्हणजे राजघराण्याची स्वतंत्र मिळकत, दौलतीच्या हिशेबाबाहेरची. 1734 मध्ये मल्हारराव होळकरांच्या पत्नी गौतमाबाईंना मिळालेली खासगी प्रसिद्ध आहे. जे तेव्हा सरदारांच्या घरात होतं, ते आता केळीच्या बागेतल्या सालदाराचंही आहे. म्हणून माझं मत ‘खासगीपणा’ला.

आता पाटीबद्दल. शब्द बरोबर असला तरी वाक्य लंगडं आहे, त्यात कर्ताच नाही. ओट्यावरचा आजा ‘कथा जाई ऱ्हायना रे भो?’ (कुठे चाललास रे भाऊ?) म्हणतो, तेव्हा कोण विचारतंय ते आपल्याला दिसतं. वाटलं तर आपण त्याला टोलवतोही. ‘निगराणीखाली आहात’ म्हणजे कुणाच्या? पाटी पुन्हा रंगवायचीच असेल तर अशी रंगवा: ‘इथे कॅमेरा आहे. चित्रण अमुक जण पाहतात, अमुक दिवसांनी पुसलं जातं.’ दोन्ही ‘अमुक’ पंचायतीकडून भरून घ्या.