जपानने पारंपरिक कारागिरी आजपर्यंत कशी टिकवली?

कायद्याचा वाटा मोठा आहे. १९५०च्या सांस्कृतिक वारसा कायद्याने वस्तूंबरोबर हातातलं कसबही जपण्याजोगं मानलं. निवडक उस्तादांना लोक 'जिवंत राष्ट्रीय ठेवा' म्हणतात. सरकार त्यांना वर्षाला २० लाख येन देतं, तेही कसब वाढवायला आणि शिष्य घडवायला.

पण मला विचाराल तर खरा जीव गिऱ्हाइकात आहे. वाशी, म्हणजे हाताने बनवलेला पारंपरिक जपानी कागद, तोच घ्या. कोझो झुडपाची साल शिजवायची, पाण्यात बसून तिच्यातला एकेक काळा कण बोटांनी वेचायचा, मग मुळांचा बुळबुळीत रस घातलेल्या पाण्यात लगदा कालवून बांबूच्या चाळणीवर पातळ थर धरायचा. लांब तंतूंमुळे हा कागद पातळ असूनही चिवट! म्हणूनच जगभरातली संग्रहालयं फाटक्या हस्तलिखितांना तोच लावतात. २०१४ साली युनेस्कोनेही ही कला वारसा यादीत घेतली.

काळजी आहे ती कोझो लावणाऱ्या शेतकऱ्यांची आणि चाळण्या विणणाऱ्यांची. दोघंही कमी होत चाललेत. जपानने १९७५ साली कायदा सुधारून जतनासाठी लागणाऱ्या साधनांच्या तंत्रांनाही संरक्षण दिलं. मला तो निर्णय सगळ्यात शहाणपणाचा वाटतो.