बॅकगॅमन या फाशांच्या पटखेळाचा न्यूरल नेट (सरावातून शिकणारा) प्रोग्राम चाल बरोबर सांगतो, मग डबलच्या, म्हणजे पैज दुप्पट करायच्या वेळी का चुकतो?

कारण दोन्हीकडे लागणारा अंदाज वेगळा आहे. आमच्या मालवणच्या बाजारात समजा एखादा काटा सरसकट 200 ग्रॅम जास्त दाखवतोय, तर दोन सुरमयांतली मोठी कुठली ते तो बरोबरच सांगणार, पण पैसे देताना तुम्ही फसणार. तसंच आहे हे. एकाच फाशावर दोन वेगळ्या चाली केल्या तरी पट बराचसा सारखाच राहतो, म्हणून नेटची चूकही दोन्हीकडे जवळपास सारखी येते आणि तुलनेत उडून जाते, पण डबल द्यायचा का, समोरच्याने दिलेला घ्यायचा (स्वीकारायचा) का, तिथे जिंकण्याचा खरा आकडाच लागतो (ढोबळ हिशेब, 25 टक्के चान्स असेल तर घ्या) आणि तिथे ती चूक पूर्ण नडते.

आयबीएमच्या जेराल्ड टेसॉरोंनी 1992 च्या सुमारास टीडी-गॅमन केला तेव्हापासून ही नेटं स्वतःशीच खेळून शिकतात, म्हणजे जे क्वचित घडतं ते कच्चं राहतं. बॅकगेम म्हणजे समोरच्याच्या घरात दोन पॉइंट (पटावरचे त्रिकोणी खण) धरून बसणं, त्यात आकड्यावर अजिबात भरवसा ठेवू नका.

मग रोलआउट लावा, म्हणजे तीच स्थिती प्रोग्रामला पुन्हा पुन्हा पुढे खेळायला लावून सरासरी काढा. 1296 डाव, म्हणजे 36 गुणिले 36, पहिल्या दोन फेकींच्या सगळ्या शक्यता एकेकदा. मी रात्री लावून झोपतो, पावसात लाइट गेली की सकाळी परत. फक्त एक, रोलआउटमध्येही चाली तेच नेट खेळतं, तेव्हा बॅकगेमला प्लाय (किती चाली पुढचं बघायचं तो आकडा) वाढवूनच लावा.