वांटे केन्नाच जाल्यात, दोतोर

चि. डॉक्टर,
अनेक आशीर्वाद.

डायलिसिसवरच्या त्या आजोबांशी पुढचं कसं बोलायचं, असं विचारलंस. 'लिव्हिंग विल'च्या, म्हणजे पुढे स्वतः बोलता आलं नाही तर कोणते उपचार हवेत-नकोत हे आधीच लिहून ठेवण्याच्या कागदापासून सुरुवात करू नकोस. मी एकदा केली. नोटरी म्हणताच म्हातारा हसला, "वांटे केन्नाच जाल्यात, दोतोर!" वाटण्या केव्हाच झाल्यात, म्हणे; त्याला वाटलं, मी इस्टेटीचंच बोलतोय.

आधी त्यांचा दिवस विचार. रात्री झोप लागते का, कशाची धास्ती वाटते, काय गेलं तर जगण्यात राम उरणार नाही. दम्याने फुप्फुसं निकामी झालेला माझा एक पेशंट म्हणाला होता, "खुर्चीवर बसून चवथीची माटोळी बघता येते, पेज गिळता येते, तोवर ठीक. श्वासाचं मशीन नको." (माटोळी म्हणजे गणपतीवर टांगलेली फळापानांची सजावट.) मी मान हलवली आणि औषधं लिहून दिली. ते वाक्य केसपेपरवर उतरलंच नाही. पुढे तो कोसळला तेव्हा मुलगा बोटीवर, फोनवरून म्हणाला, "सगळं करा." त्या पोराला काय दोष देणार? बापाने सांगितलेलं फक्त मला ठाऊक होतं, आणि मी त्या रात्री तिथे नव्हतो.

म्हणून 'तुमच्या वतीने कोण बोलेल' हे आजोबांनाच विचार, चार माणसांदेखत. थोरला मुलगाच असं गृहीत धरू नकोस. आठवड्यातून तीनदा बसने घेऊन येणारी सून जास्त जाणत असेल. एकाहून अधिक नावं देता येतात.

कागदाचं आता सोपं झालंय. सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये असा कागद करण्याचा हक्क मानला, पण मॅजिस्ट्रेटपुढे जावं लागे. जानेवारी 2023 पासून दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरतो. एक प्रत पंचायतीच्या वा पालिकेच्या नेमलेल्या अधिकाऱ्याकडे, एक घरच्या डॉक्टरकडे. घरचे 'अशुभ बोलू नका' म्हणाले, तर सांग, आपल्याच गोव्यातल्या उच्च न्यायालयाचे तेव्हाचे न्यायमूर्ती सोनक यांनी 31 मे 2024 रोजी स्वतःचा कागद नोंदवला, तेही पदावर असताना.

घरच्यांना दोन भीती असतात. सही केली की उपचार बंद? नाही. आजोबा शुद्धीत असेतो त्यांचाच शब्द, आणि कागद कधीही बदलता येतो. तो लागू होतो ते स्वतः ठरवू शकत नसतील आणि बरं होण्याची आशा उरली नसेल तेव्हाच, तेही डॉक्टरांच्या दोन मंडळांनी पाहिल्यावर. दुसरी भीती, तडफडत ठेवतील का? वेदनेचं, धापेचं औषध शेवटपर्यंत चालू राहतं, हे स्पष्ट शब्दांत सांग. मी हे नेहमी पुटपुटायचो.

प्रत बँकेच्या लॉकरमध्ये ठेवतात लोक! डायलिसिसच्या फायलीच्या पिशवीत ठेवायला लाव.

आणि हो, बोलायला डायलिसिसचं मशीन लावल्यावर पहिल्या तासात जाऊन बस. शेवटच्या तासाला रक्तदाब उतरतो, माणूस नुसता 'हो हो' म्हणतो.

तुझा,
जुना डॉक्टर