जुन्या लग्नाच्या कॅसेटवरून केलेल्या व्हिडिओत हालचाल झाली की आडव्या रेघा दिसतात. चित्र खराब न होता त्या कशा घालवाव्यात?

काहीही करा, पण ‘ब्लेंड’, म्हणजे दोन क्षणांची चित्रं एकात मिसळणं, वापरू नका.

आमच्या ताईच्या लग्नाचं शूटिंग मिनीडीव्हीवर, म्हणजे छोट्या डिजिटल कॅसेटवर झालं होतं. एका स्टुडिओने त्याची फाइल करून दिली. अक्षता पडतात तिथे व्हिडिओ थांबवला तर प्रत्येक दाणा दोन ठिकाणी, दोन्हीकडे पुसट. झिम्म्यात टाळ्या देणाऱ्या बायकांना चार-चार हात. स्टुडिओवाला म्हणाला, “कॅसेट जुनी आहे, यापेक्षा चांगलं निघणार नाही.” साफ खोटं. कॅसेट ठणठणीत होती. रेघा लपवायला त्याने दोन्ही फील्ड, म्हणजे एकाआड एक ओळींची दोन अर्धी चित्रं, एकमेकांत कालवली होती.

पालमध्ये, म्हणजे आपल्याकडच्या व्हिडिओ पद्धतीत, सेकंदाला फ्रेम 25 असल्या तरी फील्ड 50 असतात आणि प्रत्येक फील्ड वेगळ्या क्षणाचं असतं. म्हणून तर हलत्या हाताच्या कडेला कंगव्याचे दाते दिसतात. यातला एकही क्षण फेकायचा नाही. प्रत्येक फील्डची पूर्ण फ्रेम करायची आणि व्हिडिओ 50 फ्रेमचाच ठेवायचा. मी फायरवायर केबलने पुन्हा कॅप्चर करून क्यूटीजीएमसी हे रेघा काढणारं स्क्रिप्ट लावलं, मशीन रात्रभर चालू ठेवलं. अक्षतांचा दाणा न् दाणा सुटा दिसला. मावशीच्या नऊवारीचे काठ लुकलुकायचे, तेही थांबलं. आईने तो भाग परत परत लावायला सांगितला.

एवढा वेळ नसेल तर एफएफएमपेग या व्हिडिओच्या सॉफ्टवेअरमधलं बीडब्ल्यूडीआयएफ हे फिल्टर वापरा. यॅडिफही चालेल, पण ते सांगितल्याशिवाय 50 फ्रेम देत नाही. फील्डचा क्रम तपासा: डीव्हीत खालचं आधी, डीव्हीडीत बहुधा वरचं. उलटं लागलं की चालणारा माणूस मागेपुढे हिसके खातो. आणि हे होईपर्यंत साइजला हात लावू नका. 576 ओळींच्या 720 केल्या की फील्ड कायमची मिसळतात.

‘25 फ्रेम ठेवा, सिनेमासारखं दिसतं’ असं स्टुडिओवाले सांगतात. आमच्यानेही सांगितलं होतं. लग्न काही सिनेमाच्या कॅमेऱ्यावर घेतलेलं नव्हतं. निम्मी हालचाल टाकून द्यायचा हक्क त्याला कुणी दिला?

हां, तुमची फाइल आधीच ब्लेंड झालेली असेल तर यातलं काहीच लागू पडणार नाही. व्हीएचएसच्या अगदी तळाशी वळवळणारी पट्टी हा वेगळा प्रकार आहे, ती सरळ कापा. मूळ कॅसेट मिनीडीव्ही असेल तर स्टुडिओकडे डीव्ही एव्हीआयच, म्हणजे कॅसेटवरची जशीच्या तशी फाइल मागा, एमपीफोर घेऊन घरी येऊ नका.