वाचकांचे प्रश्न : ध्रुवावरचा ओझोन विमानातून

प्रश्न : ओझोनचे छिद्र उपग्रहातून दिसतच होते, मग १९८७ साली अंटार्क्टिकावर विमाने कशासाठी पाठवली? उडत्या विमानात ओझोन मोजतात तरी कसा?

उत्तर : ओझोन किती घटला ते उपग्रहाने दाखवले होते. तो कशामुळे घटला, हे पाहायला ओझोन आणि त्याचा घास घेणारे रसायन एकाच हवेत, एकाच वेळी मोजावे लागते. चिलीतल्या पुंता अरेनासहून नासाचे ईआर-२ विमान १८ किलोमीटरच्या आसपास उंची गाठून त्या हवेत शिरले. ऑगस्टअखेर हे रसायन, म्हणजे क्लोरीन मोनॉक्साइड, वाढलेले होते, पण ओझोन अजून बराच शाबूत होता. १६ सप्टेंबरच्या उड्डाणात मात्र पहिल्याची रेघ जिथे चढली तिथेच दुसऱ्याची उतरली, बारीकसारीक वळणांसकट. क्लोरीनवरचा संशय त्या आलेखाने पक्का केला.

मोजणीत पाऱ्याच्या दिव्याचा २५३.७ नॅनोमीटरचा प्रकाश वापरतात. ओझोन तो शोषतो. एका कक्षात बाहेरची हवा, दुसऱ्यात तीच हवा ओझोन काढून. काही सेकंदांनी झडपा दोघांची अदलाबदल करतात, म्हणजे कक्षांमधला आणि प्रकाश टिपणाऱ्या शोधकांमधला फरक वजा होतो. दिवा मंदावला तरी दोन्हीकडे सारखाच मंदावतो.

शोषण किती, हे पाहा. कक्षाची लांबी ५० सेंटीमीटर, दाब ५० हेक्टोपास्कल, तापमान उणे २३ अंश सेल्सिअस आणि ओझोन दशलक्षात २ भाग असेल, तर प्रकाश जेमतेम ०.१७ टक्का घटतो. म्हणून दिवा स्थिर हवाच, शिवाय दाब आणि तापमानही काटेकोर हवे. तापमान अडीच अंशांनी चुकले की ओझोन १ टक्क्याने चुकला. त्यासाठी तापमापक कक्षाच्या भिंतीवर न चिकटवता हवेच्या प्रवाहात ठेवावा.

सर्वाधिक घात करते ती हवा आत आणणारी नळी. धातूवर किंवा मळकट पृष्ठभागावर ओझोन नष्ट होतो आणि आकडा गुपचूप कमी येतो. नळी टेफ्लॉनची, आखूड, प्रवाह जोरदार; नवी नळी आधी भरपूर ओझोनच्या हवेने 'मुरवून' घ्यायची. तिचे तोंड विमानाच्या पत्र्याला लगटून वाहणाऱ्या हवेच्या बाहेर हवे. उतरताना थंडगार कक्षात दमट हवा शिरली तर काचांवर दव धरते. तोंड वेळीच बंद करावे किंवा कक्ष गरम ठेवावा.

प्रश्न : ध्रुवीय रात्रीत, विमानाच्याही वरचा ओझोन कसा कळतो?

उत्तर : लायडारने, म्हणजे लेसरच्या झोताने मोजणाऱ्या यंत्राने. सूर्याच्या परावर्तित प्रकाशावर चालणारे उपग्रह तेव्हा आंधळे असतात. नासाच्या डीसी-८ विमानातून (ते २०२४ साली निवृत्त झाले) लेसरचे दोन अतिनील रंग वर सोडत. एक ओझोन जास्त शोषतो, दुसरा कमी. परतलेल्या प्रकाशाच्या फरकातून थराथरातला ओझोन काढतात, आणि झोत परतायला लागलेल्या वेळावरून उंची. वाटेत ध्रुवीय ढग आले तर दोन्ही रंग वेगवेगळे विखुरतात आणि खोटाच ओझोन दिसतो. त्यामुळे ढगांसाठी आणखी लांब तरंगलांबीचा लेसर बरोबर चालवतात आणि आकडा सुधारून घेतात.